दोरीच्या आत

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. एरवी शांत असलेलं हे गाव मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेने फुलून जातं. येळकोटाचा गजर, देवस्वारी, भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या वाटा, घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार, लावणी महोत्सव आणि हमखास गर्दी खेचणारी कुस्त्यांची दंगल. फडाभोवती माणसांचं कडं पडतं, हलगी कडाडते, नावं पुकारली जातात आणि लंगोट कसलेले मल्ल अंगाला माती लावून समोरासमोर उभे राहतात.

समजा, नांदेडच्या एखाद्या दैनिकाने या दंगलीची बातमी आणायला आपल्या बातमीदार मुलीला पाठवलं. तिला हवं असलेलं सगळं साधं आहे. जोडीतल्या मल्लांची नावं, गावं, वस्ताद कोण, बक्षीस किती, कुस्ती कोणत्या डावावर निकाली झाली. ढाक आणि एकलंगी यांतला फरक तिला कळतो. गळ्यात पत्रकाराचा पास आहे. तरी दोरीच्या आत, पंचांच्या टेबलापर्यंत पोचायला तिला भलतीच परीक्षा द्यावी लागते. "ताई, बायकांची बसायची जागा तिकडं हाय." "तुमच्या पेपरात कुणी गडीमाणूस नव्हता का?" हे बोलून झालं की नजर वरून खाली फिरते. जीन्स असेल तर जीन्सवर शेरा, कुर्ता असेल तर ओढणीवर, साडी असेल तर साडी नेसून एवढ्या गर्दीत शिरण्यावर. कोणत्याही कपड्यात तिचं उत्तर चुकलेलंच ठरतं, कारण विचारणाऱ्याच्या मनात कपडे नसतात. त्याला विचारायचं असतं, तू इथे कशी?

क्रीडा पत्रकारितेत बाईच्या कपड्यांवर जगभर जे वाद झाले, त्यांच्या तळाशी हाच प्रश्न सापडतो. यातल्या एका वादाने तर अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत क्रीडा संघटनेला आपल्या खेळाडूंसाठी शिकवणीचा वर्ग उघडायला लावलं.

सप्टेंबर २०१०. मेक्सिकोच्या 'टीव्ही अझ्तेका' वाहिनीची इनेस साइन्झ ही बातमीदार 'न्यूयॉर्क जेट्स' या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सरावाला गेली होती. संघाचा क्वार्टरबॅक मार्क सांचेझ याची मुलाखत तिला घ्यायची होती. सराव सुरू असताना मुद्दाम ती उभी होती त्या बाजूला चेंडू फेकले गेले. पुढे लॉकर रूममध्ये ती सांचेझची वाट पाहत थांबली, तेव्हा खेळाडूंनी तिला उद्देशून शेरेबाजी केली. आपण संकोचून गेलो आहोत असं तिने तिथूनच ट्विटरवर लिहिलं. औपचारिक तक्रार तिने केली नव्हती. क्रीडा माध्यमांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने प्रकरण लावून धरलं, राष्ट्रीय फुटबॉल लीगने चौकशी केली आणि संघाच्या मालकाने तिची माफी मागितली.

पण त्या आठवड्यातली चर्चा चौकशीभोवती फिरली नाही, ती फिरली साइन्झच्या जीन्सभोवती. जीन्स किती घट्ट होती, पांढऱ्या शर्टाची बटणं किती लावलेली होती, तिची जुनी छायाचित्रं कशी होती, यावर वाहिन्यांनी तासन्‌तास घालवले. वॉशिंग्टन संघाच्या क्लिंटन पोर्टिस या खेळाडूने तर रेडिओवर सांगून टाकलं की त्रेपन्न पुरुषांच्या खोलीत शिरलेली बाई त्यांच्यातला कुणीतरी हेरत असणारच. त्यालाही नंतर माफी मागावी लागली. लीगने पुढे सर्व ३२ संघांसाठी कामाच्या ठिकाणच्या वर्तनाचं प्रशिक्षण सुरू केलं आणि त्याचा खर्च जेट्सच्या मालकाने उचलला. प्रशिक्षणाचा विषय काय ठेवला गेला, तर खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी कसं वागावं. साइन्झने काय घालावं हा विषय त्यात कुठून येणार? आठवडाभर जिच्यावर चर्वितचर्वण झालं, त्या जीन्सचा चूक दुरुस्त करण्याशी काडीचाही संबंध नव्हता.

अमेरिकेतला हा वाद समजायचा तर आणखी तीन दशकं मागे जावं लागतं. तिथल्या खेळांत सामना संपताच बातमीदार लॉकर रूममध्ये शिरतात आणि घामेजलेल्या खेळाडूंकडून ताज्या प्रतिक्रिया घेतात. आत ज्याला जाता येत नाही, त्याची बातमी शिळी. १९७७ च्या बेसबॉल वर्ल्ड सीरिजमध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकाची मेलिसा लुड्‌की हातात पास असूनही बाहेर थांबवली गेली. बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांचा दावा होता की आत बाई आली तर खेळाडूंच्या खासगीपणाला बाधा येते. साप्ताहिकाची मालक कंपनी आणि लुड्‌की न्यायालयात गेल्या. न्यायाधीश होत्या कॉन्स्टन्स बेकर मोटली, अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयात बसलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. सप्टेंबर १९७८ मध्ये त्यांनी लुड्‌कीच्या बाजूने निकाल दिला. यांकी स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या मालकीचं असल्यामुळे तिथे बाई म्हणून भेदभाव करणं राज्यघटनेत बसत नाही, असं त्यांनी म्हटलं. खासगीपणा जपायचा असेल तर पडदा लावता येतो, आडोसा करता येतो. त्यासाठी बातमीदाराला दारातच अडवण्याची गरज नाही, हेही त्यांनी नोंदवलं.

या खटल्यात एक बाब डोळ्यांत भरते. उघडे होते ते पुरुष, आणि त्याची किंमत मात्र अंगभर कपड्यांतल्या बाईने चुकवायची होती. माळेगावच्या फडावर लंगोटावर उभे असलेले मल्ल आणि दोरीबाहेर ओढणीवरून बोलणी खाणारी आपली बातमीदार, यांचा विचार करताना लुड्‌कीची आठवण होते ती यामुळे.

निकाल लागला म्हणून वागणं लगेच सुधारलं नाही. १९९० मध्ये 'बोस्टन हेरल्ड'ची लिसा ओल्सन 'न्यू इंग्लंड पेट्रिअट्स' संघाच्या लॉकर रूममध्ये एका खेळाडूची मुलाखत घेत असताना इतर काही खेळाडूंनी तिच्यासमोर अश्लील चाळे केले. चौकशी झाली, संघाला ५०,००० डॉलरचा आणि खेळाडूंनाही दंड झाला. त्यानंतर संघाच्या चाहत्यांनी मात्र ओल्सनलाच छळायला घेतलं, इतकं की तिने देश सोडला आणि ऑस्ट्रेलियात जाऊन नोकरी केली. दंड झालेले खेळाडू पुन्हा मैदानात उतरले. तिचं मात्र शहर सुटलं.

भारतात क्रिकेटची ड्रेसिंग रूम पत्रकारांसाठी बंदच असते. स्त्री असो वा पुरुष, कुणालाच आत सोडत नाहीत. भ्रष्टाचारविरोधी नियमांमुळे तर तिथे मोबाइललाही बंदी. त्यामुळे आपल्याकडे अडवणुकीला एकच असा दरवाजा नाही. ती पत्रकार कक्षात होते, मुलाखतीच्या वेळेवरून होते, रात्री उशिरा आलेल्या मेसेजवर होते, हॉटेलच्या लॉबीत होते, सामना संपल्यावर बंद होणाऱ्या बसगाड्यांमुळे होते. तुकड्यातुकड्यांनी होते म्हणून ती दाखवून देणं अवघड जातं.

आपल्याकडच्या बायकांची सुरुवात मात्र कपडे दिसत नाहीत अशा माध्यमातून झाली. भारताच्या पहिल्या कसोटी कर्णधाराची, नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंची कन्या चंद्रा नायडू हिने १९७७ च्या सुमारास इंदूरला मुंबई आणि एमसीसी यांच्यातल्या सामन्याचं समालोचन केलं. देशातली पहिली महिला क्रिकेट समालोचक म्हणून तिचं नाव घेतलं जातं. श्रोत्यांपर्यंत पोचला तो फक्त आवाज. पुढे १९८९ मध्ये शारदा उग्रा मुंबईच्या 'मिड-डे'त क्रीडा बातमीदार म्हणून रुजू झाल्या आणि नंतर 'द हिंदू', 'इंडिया टुडे', 'ईएसपीएन क्रिकइन्फो' अशा ठिकाणी तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी लिहिलं. छापील बातमीतही बातमीदार दिसत नाही, दिसतात त्याची वाक्यं. चित्र पालटलं ते टीव्हीने.

२००३ चा विश्वचषक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना 'सेट मॅक्स'वरचा 'एक्स्ट्रा इनिंग्ज' हा कार्यक्रम आठवत असेल. लातूर-नांदेडच्या गल्लीबोळांतही त्या दिवसांत एकेका टीव्हीसमोर दहा-दहा घरांची माणसं बसायची. 'शांती' मालिकेमुळे घराघरांत ओळखीची झालेली मंदिरा बेदी त्या कार्यक्रमाची सूत्रं सांभाळत होती. शेजारी माजी कसोटीपटू. वाहिनीचा हिशेब सरळ होता: बायकांनीही क्रिकेट पाहिलं तर प्रेक्षक वाढतील, जाहिराती वाढतील. त्या हिशेबात मंदिराच्या साड्या आणि बारीक पट्ट्यांचे ब्लाउज हेही आलेच. तिने काय विचारलं यापेक्षा तिने काय नेसलं यावर जास्त शाई खर्च झाली. आपण प्रश्न विचारला की शेजारचे दिग्गज नुसते रोखून पाहत आणि मग कॅमेऱ्याकडे वळून आपल्याला हवं ते बोलून टाकत, असं तिने पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे.

इथे जरा थांबायला हवं, कारण हा भाग बहुतेक चर्चांत निसटतो. कपड्यांवरून बाईला बोल लावणारे लोक एक गृहीत धरून चालतात की कपडे तिने निवडले. टीव्हीवर ते खरं असेलच असं नाही. तिथे ड्रेसची व्यवस्था वाहिनी करते, रंग आणि कट ठरवण्यात निर्मात्यांचा शब्द असतो, बाईने किती आकर्षक दिसावं याचीही चर्चा बैठकीत होते. शिव्या मात्र तिच्या खात्यावर जमा होतात. शेजारचा माजी खेळाडू वर्षानुवर्षं एकाच छापाचा सूट घालून बसतो आणि कुणाच्या ते ध्यानातही राहत नाही. म्हणून वाहिनीने ठरवलेल्या पोशाखाची जबाबदारी वाहिनीनेच घेतली पाहिजे. पोशाखाला नकार दिला म्हणून काम काढून घेतलं जात असेल, तर त्याचा जाबही वाहिनीलाच विचारायला हवा.

खेळाडूंच्या बाबतीतही असाच व्यवहार चालतो. बॅडमिंटनच्या जागतिक महासंघाने २०११ मध्ये वरच्या स्पर्धांत महिलांनी स्कर्ट घालावा असा नियम आणू पाहिला, खेळ अधिक आकर्षक दिसावा म्हणून. टीका झाली आणि २०१२ मध्ये तो सोडून द्यावा लागला. २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांना १,५०० युरो दंड झाला, आणि मग नियमच बदलला. कधी कमी कपडे घातले म्हणून बोलणी, कधी जास्त घातले म्हणून दंड.

कपडे कसेही असले तरी वागणारा वागतोच, हे २०१६ च्या जानेवारीत होबार्टला दिसलं. पुणे वॉरियर्सविरुद्ध १७५ धावा ठोकणारा ख्रिस गेल ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅश लीगमध्ये मेलबर्न रेनेगेड्सकडून खेळत होता. बाद होऊन परतल्यावर सीमारेषेवर मेल मॅक्लॉघलिन या अनुभवी पत्रकाराने त्याला खेळीबद्दल विचारलं. थेट प्रक्षेपणात त्याने तिच्या डोळ्यांची तारीफ सुरू केली, सामन्यानंतर सोबत ड्रिंक घ्यायला येण्याबद्दल बोलला आणि वर तिला लाजू नकोस असंही सुनावलं. संघाने १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. गेलच्या मते तो साधा विनोद होता. मॅक्लॉघलिनने त्या संध्याकाळी आपलं काम पुरं केलं. एका क्रिकेटपटूला त्याच्या फलंदाजीबद्दल विचारण्यापलीकडे तिने काहीही केलं नव्हतं.

दोन वर्षांनी रशियातल्या फुटबॉल विश्वचषकात तर हात अंगापर्यंत पोचले. जर्मनीच्या 'डॉइचे वेले'साठी सारान्स्कमधून थेट वृत्तांकन करणाऱ्या कोलंबियन बातमीदाराला एका माणसाने धरलं आणि तिचं चुंबन घेतलं. तिने वाक्य न तोडता बातमी पूर्ण केली. ब्राझीलच्या एका बातमीदाराने येकातेरिनबुर्गमध्ये असाच अंगचटीला येऊ पाहणाऱ्याला चुकवलं आणि कॅमेऱ्यासमोरच खडसावलं. त्याच वर्षी ब्राझीलच्या क्रीडा पत्रकार स्त्रियांनी एक मोहीम चालवली होती. तिच्या पोर्तुगीज नावाचा अर्थ होतो, 'तिला काम करू द्या'. माळेगावच्या दोरीपाशी उभ्या असलेल्या मुलीची मागणीही याहून मोठी नाही.

महाराष्ट्रात बाईच्या पेहरावाचा विषय क्रीडांगणाबाहेर किती वेळा समोर आला आहे ते पाहिलं की क्रीडांगणातलं वातावरण कळतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत मंत्रालयात आलेले हिंदुत्ववादी नेते संभाजी भिडे यांना एका वृत्तवाहिनीच्या महिला पत्रकाराने प्रश्न विचारला. आधी कपाळाला टिकली लाव, मग बोलतो, असं उत्तर तिला मिळालं. राज्य महिला आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. टिकली हा इवलासा ठिपका, पण त्याने तिचा प्रश्न पुसून टाकला: तिने विचारलं काय होतं ते मागे पडलं आणि दिवसभर तिचं कपाळ चर्चेत राहिलं. मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरात तोकडे कपडे घालून येणाऱ्यांना प्रवेश नाही असे फलक लागले आणि नाराजी उसळल्यावर काही तासांतच ते मागे घेतले गेले.

पोशाखाचा प्रत्येक नियम अन्यायाचा असतो, असं मात्र नाही. नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात शिरताना डोकं झाकावं लागतं. मंत्री असो, हमाल असो, बाई असो की पुरुष, प्रत्येकाने रुमाल बांधायचा. नसेल तर तिथेच मिळतो. नांदेडची मुलं हे लहानपणापासून पाहतात आणि त्यात कुणालाही अपमान वाटत नाही. गुरू गोविंदसिंगजींच्या नावाने इथे अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. तिचं वार्तांकन करणारी मुलगी सकाळी दर्शनाला गेली तर तीही रुमाल बांधेल आणि तिच्या शेजारचा छायाचित्रकारही. सगळ्यांना सारखा असलेला, आधी सांगितलेला आणि जागेचा मान राखणारा नियम ही एक गोष्ट. घटना घडून गेल्यावर फक्त एकीच्या कपड्यांची झडती घेणं ही अगदी वेगळी गोष्ट. पहिल्यात शिस्त आहे. दुसऱ्यात दोष कुणावर ढकलायचा ते आधीच ठरलेलं असतं.

ही झडती न्यायालयापर्यंतही जाऊन पोचली. ऑगस्ट २०२२ मध्ये केरळच्या कोळिकोड सत्र न्यायालयाने एका प्रकरणात अटकपूर्व जामीन देताना तक्रारदार स्त्रीच्या छायाचित्रांचा हवाला दिला. तिचे कपडे उत्तेजक असल्यामुळे लैंगिक छळाचं कलम सकृद्दर्शनी लागूच होत नाही, असं त्या आदेशात लिहिलं होतं. ऑक्टोबरात केरळ उच्च न्यायालयाने हा शेरा काढून टाकला: स्त्रीचा पोशाख हा तिचा विनयभंग करण्याचा परवाना ठरत नाही. त्याआधी मार्च २०२१ मध्ये, अपर्णा भट यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या न्यायालयांना बजावलं होतं की अशा प्रकरणांत स्त्रीच्या कपड्यांवर, वागण्यावर किंवा पूर्वायुष्यावर भाष्य करू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये याच न्यायालयाने लिंगभावाच्या ठोकळेबाज समजुती कशा ओळखाव्यात याची पुस्तिका काढली; कपड्यांवरून संमतीचा अर्थ काढण्याची समजूत तिच्यात नाव घेऊन खोडली आहे.

आता कायदा. 'विशाखा' निकाल १९९७ चा. त्यातून आलेला कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा २०१३ चा, डिसेंबर २०१३ पासून लागू. छळ म्हणजे काय ते त्यात सांगितलं आहे: नकोसा स्पर्श, लैंगिक सुखाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रं दाखवणं आणि अशा स्वरूपाचं इतर कोणतंही नकोसं वागणं, बोलण्यातून असो वा हावभावांतून. या व्याख्येत पोशाखाला कुठेही स्थान नाही. कसोटी एकच आहे, ते वागणं तिला नकोसं होतं का.

क्रीडा बातमीदारांनी या कायद्यातली 'कामाचं ठिकाण' ही व्याख्या तर पाठच करून ठेवावी. क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेची वा सामन्याची जागा यांचा तिच्यात नाव घेऊन समावेश आहे. शिवाय कामानिमित्त कर्मचारी जिथे जाईल ती जागा, आणि मालकाने दिलेलं वाहनसुद्धा. म्हणजे लातूरचं क्रीडा संकुल कायद्याने कामाचं ठिकाण आहे, नांदेडच्या हॉकीचं मैदान आहे आणि माळेगावच्या फडाची दोरीही आहे.

मराठवाड्यातल्या बातमीदाराची पुढची शंका अशी असते: आम्ही कुठे नोकरीत आहोत? ती रास्त आहे. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या पातळीवर कितीतरी जण मानधनावर काम करतात. नेमणुकीचं पत्र नसतं, महिन्याचा आकडा ठरलेला नसतो, ओळखपत्र हीच काय ती नोकरीची खूण. कायद्याने याचाही विचार केला आहे. कायम, हंगामी, रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, मानधन घेणारी वा न घेणारी, सगळ्या जणी या कायद्याच्या अर्थाने कर्मचारीच आहेत. पत्रकारितेचं शिक्षण घेताना अनुभवासाठी दैनिकात बसणारी विद्यार्थिनीही. नांदेडला विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्राचं संकुल आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलींना पहिल्या नोकरीआधी एवढं तरी ठाऊक असायला हवं.

दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान निम्मे सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नेमली नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. लहान दैनिकाच्या जिल्हा कचेरीत मात्र चार टेबलं आणि एक कॉम्प्युटर असतो. तिथे दहा माणसं कुठून आणायची? अशांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. जिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी ती नेमतो. तक्रार मालकाविरुद्धच असेल तरीही ती इथेच येते. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात, आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. तक्रारदाराचं नाव आणि तक्रारीतला मजकूर छापायला मनाई आहे. ही मनाई दैनिकाच्या संपादकालाही लागू आहे.

छळ करणारा सहकारी नसून प्रेक्षक, मल्ल, संघटनेचा पदाधिकारी असेल तर? संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून सुरक्षित राहण्याची व्यवस्था करणं हेही मालकाचं कर्तव्य आहे, आणि तिला पोलिसांत जायचं असेल तर त्यासाठी मदत करणंही. भारतीय न्याय संहितेतलं कलम ७५ लैंगिक छळाचं, ७८ पाठलागाचं, ७९ शब्द आणि हावभावांनी अपमान करण्याचं. "तुझं तू बघ" असं म्हणून संपादकाला हात झटकता येत नाहीत.

कायदा कागदावर इतका पुरा आहे. अंमल कसा आहे, ते मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने परखडपणे सांगितलं: इतक्या वर्षांनंतरही त्रुटी गंभीर आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली की प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा, स्थानिक समित्या उभ्या करा, तालुक्यांपर्यंत माणसं ठेवा. क्रीडा क्षेत्राचं चित्रही वेगळं नव्हतं. २०२३ मध्ये कुस्तीगीर मुलींच्या आंदोलनाच्या काळात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने क्रीडा मंत्रालय, क्रीडा प्राधिकरण आणि अनेक क्रीडा महासंघांना नोटिसा काढल्या, कारण कित्येक ठिकाणी धड समितीच नव्हती. जिथे खेळाडूंसाठी समिती नाही, तिथे त्यांची बातमी आणणारीने कुणाकडे जायचं?

माध्यमांतल्या स्त्रियांच्या एका गटाने २०२० मध्ये ४५६ पत्रकार स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली होती. एक तृतीयांशाहून अधिक जणींनी कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ सोसला होता, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींनी त्याबद्दल कुणाकडेच तक्रार केली नव्हती. गप्प राहण्यामागची भीती समजायला फार लांब जावं लागत नाही. तोंड उघडलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, "मग उद्यापासून बाहेर जाऊ नकोस, डेस्कवर बस." ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या शक्ती मिलमध्ये कामासाठी गेलेल्या वृत्तछायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हाही कितीतरी घरांत आणि कचेऱ्यांत काळजीच्या पोटी हीच भाषा निघाली. काळजी खरी असते. पण तिचा परिणाम असा होतो की गुन्हा दुसऱ्याने करायचा आणि बीट, म्हणजे आपलं बातमीचं क्षेत्र, हिने सोडायचं.

बीट सुटलं की नुकसान एका मुलीपुरतं थांबत नाही. मुखेड तालुक्यातल्या होनवडजची भाग्यश्री जाधव टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत उतरली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिलबरोबर भारताचा तिरंगा तिच्या हातात होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळेचं मूळ बीड जिल्ह्यातलं. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. ज्या लाल मातीत बाईने पाय ठेवू नये म्हणत, तिथे आता मुली जोर मारतात. सरावात पाळी आली तर काय करता, वस्ताद घरच्यांना कसं समजावतात, शॉर्ट्स घालून पळायला गावात कुठे जागा मिळते, हे त्यांना विचारणारी बातमीदार हवी असेल, तर तिला मैदानापर्यंत जाता आलं पाहिजे आणि रात्री घरी परतताही आलं पाहिजे.

तिच्या गरजा मोजून पाहिल्या तर यादी लहान आहे. पत्रकारांच्या जागेजवळ स्वच्छ आणि कडी लागणारं स्वच्छतागृह. रात्री नऊनंतर सामना संपणार असेल तर परतीच्या गाडीची सोय आणि तिचा खर्च दैनिकाकडे. खेळाडूंशी संपर्कासाठी संघाच्या व्यवस्थापकाचा नंबर, म्हणजे तिला स्वतःचा नंबर दहा जणांत वाटावा लागणार नाही. फडावर तिला अडवणाऱ्या स्वयंसेवकाला आधीच सांगून ठेवलेलं की पास पाहायचा आणि आत सोडायचं.

यात्रेच्या आधी कुस्त्यांच्या दंगलीची पत्रकं निघतात. लोह्याच्या बसस्थानकावर, अहमदपूरच्या पानटपरीवर, नांदेडच्या तालमीच्या भिंतीवर ती डकवलेली असतात. मोठ्या जोड्यांची नावं वर, खाली इनामाच्या रकमा, मग पंचमंडळींची आणि संयोजकांची नावं, शेवटी संपर्कासाठी मोबाइल क्रमांक. त्याच कागदावर, त्या क्रमांकांच्या रांगेत, जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन छापायला एक ओळ पुरते.